सूर्यावरचा तीळ

"पिसाळ, बुध कुठं आहे?" बाईंनी सहाव्यांदा विचारलं.

"आत्ताच गेला, बाई," मी सहाव्यांदा सांगितलं.

"गेला म्हणजे कुठं गेला? चार वाजेपर्यंत त्याला सूर्यावरून उतरता येणार नाही."

मी गच्चीवर उताणा पडलो होतो. मे महिन्यातलं फलटण, दुपारचे साडेबारा, सूर्य बरोबर टाळूच्या वर. अशा वेळी सूर्याचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं तोंड सरळ आभाळाकडं करावं लागतं आणि फोटोग्राफरला तिपाईखाली चटई टाकून पाठीवर झोपावं लागतं. तोंडावर काळं कापड. पोटाच्या वीतभर वर हमीद तांबोळीची कोळशाची इस्त्री लोंबकळत होती, चार किलोची, तिपाई हलू नये म्हणून वजनाला बांधलेली. बांधली होती ती सुतळीनं. वाऱ्याची झुळूक आली की सगळं गाव सुखावत होतं आणि मी तेवढा पोट आत ओढत होतो.

हे सगळं खरं आहे. वारसुद्धा बुधवारच होता. मी बनवून सांगत नाही. दोन हजार तीन सालचं पंचांग कुणाकडं असेल तर सात मे काढून बघा.

बाई म्हणजे बोकीलबाई. आमच्या हायस्कुलात चौतीस वर्षं भूगोल शिकवला. मी त्यांच्या वर्गात दोन वर्षं होतो, त्यातलं एक वर्ष नापास होऊन. गृहपाठ न आणल्याची माझी कारणं त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या. आमच्या म्हशीनं वही खाल्ली इथवर ठीक होतं. पुढं मी म्हशीच्या पोटातून वही काढायला बारामतीहून डॉक्टर आल्याचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांचं अक्षर कसं होतं ते उद्या लिहून आण." मी पंचेचाळिशीला आलो, स्टुडिओ थाटला, केस पिकले, तरी बाई रस्त्यात दिसल्या की माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडं जायचा.

एप्रिलात एक दिवस बाई स्टुडिओत आल्या आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. फोटो खग्रास सूर्यग्रहणाचा. काळी तबकडी आणि भोवती पांढरी धुरकट प्रभा. खाली मीच लिहिलेलं: कारवार, १९८०.

तुम्हाला सांगायला हरकत नाही. कारवारला मी गेलो होतो एवढं खरं. पण ग्रहण म्हणून खानावळी बंद, मी आदल्या रात्रीपासून उपाशी, आणि ज्या वेळी सूर्य झाकला त्या वेळी मी एका बंद खानावळीच्या ओट्यावर गाढ झोपलो होतो. परत आल्यावर लोक विचारायला लागले. मग डार्करूममध्ये एक रुपयाचं नाणं, पिंजलेला कापूस आणि मागून टॉर्च. तेवीस वर्षं गावानं तो फोटो बघितला, आणि दर वर्षी माझी लेन्स थोडी थोडी लांब होत गेली. शेवटी शेवटी ती तोफगाड्यावर घालून नेल्याचं मी सांगत असे.

"हे तूच काढलंस?" बाईंनी विचारलं होतं.

"मीच."

"मग माझं एक काम कर. सात तारखेला बुध सूर्यासमोरून जाणार आहे. पावणेअकराला चढेल, चारला उतरेल. मुलांना चौतीस वर्षं शिकवलं की असं होतं, पण मी ते कधी पाहिलेलं नाही. एकदा ढग होते, एकदा दहावीचे पेपर होते." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "बारा तारखेला सोमवारी पुण्यात माझं डोळ्यांचं ऑपरेशन आहे. काचबिंदू. आत्ताच नळीतून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, हमी नाही. इथून पुन्हा असं नीट दिसायचं ते तेरा वर्षांनी. तेव्हा मी असले तरी माझे डोळे नसतील. मला सोमवारच्या आत एक फोटो पाहिजे. मोठा. भिंगातून बघता येईल असा."

"तेवढंच ना?" मी म्हणालो. "कारवारपुढं हे म्हणजे पासपोर्ट फोटो."

झालं. आता सूर्याचा फोटो म्हणजे काय प्रकरण असतं ते ऐका. पुण्याच्या एका पक्षीवेड्या गृहस्थांकडून मी पाचशे मिलिमीटरची टेलीलेन्स मागून आणली. पाचशे ऐकायला मोठं वाटतं, पण तिच्यातून सूर्य फिल्मवर ज्वारीच्या दाण्याएवढा पडतो. म्हणून मागं दुप्पट करणारा टेलीकन्व्हर्टर लावायचा. आता सूर्य वाटाण्याएवढा. म्हणून त्याच्यामागं आणखी एक दुप्पट करणारा. मग कुठं चार आण्याच्या नाण्याएवढा. पण दर कन्व्हर्टरला उजेड चौथाईवर येतो. दोन लावल्यावर कॅमेऱ्यात डोळा घातला की बंद माजघरात मांजर शोधल्यासारखं वाटतं. शिवाय पट वाढला की थरथरही वाढते. बोटानं बटण दाबलं तरी सूर्य जिलबीसारखा वळतो. म्हणून ती इस्त्री.

आणि सूर्याचा उजेड अडवणारा फिल्टर. बाईंनी एका खगोलमंडळाकडून चंदेरी फिल्मचा तुकडा मागवून घेतला होता. मी म्हटलं, एवढा मोठा तुकडा कशाला वाया घालवायचा, मागच्या बाजूला कन्व्हर्टरच्या तोंडाशी लहानसा बसवू. बाईंनी माझ्याकडं नापास करताना बघायच्या तसं बघितलं.

"भिंगानं कागद जाळला होतास का लहानपणी?"

"जाळला होता."

"मग मागं लावलास तर कागदाच्या जागी तुझा डोळा असेल. फिल्टर पुढं. लेन्सच्या तोंडावर. आणि कारवारला कुठं लावला होतास?"

"पुढंच," मी म्हणालो. तोफेच्या पुढं.

तर ही सगळी जुळवाजुळव करून पावणेअकरापासून मी चटईवर होतो. शेजारी दुकान असलेला हमीद शिंपी इस्त्रीचा मालक आणि काळं कापड शिवणारा म्हणून हजर होता. पलीकडं बाई खुर्चीवर, डोक्यावर काळी छत्री, मांडीवर आलेखाचा कागद. त्यावर सूर्याचं वर्तुळ काढून बुधाची वाट पेन्सिलनं आखलेली, दहा दहा मिनिटांच्या खुणा करून. मी फोटो काढला की बाई घड्याळ बघून वहीत वेळ लिहायच्या.

आणि मला बुध दिसत होता. स्पष्ट. काळा, टपोरा. घोटाळा एवढाच होता की तो फार पळत होता. मी कॅमेरा सूर्यावर धरला की सूर्य डावीकडनं आत यायचा, बुध त्याच्या मधोमध यायचा, आणि दोन मिनिटांत पलीकडच्या कडेनं बाहेर पडायचा. मी तिपाईचा दांडा फिरवून सूर्य पुन्हा धरायचो, की बुध पुन्हा हजर, पुन्हा रपारप पार. सकाळपासून हा ग्रह सूर्यावरून सहा वेळा गेला होता. मी तर ऐकलं होतं की अशी गोष्ट शंभर वर्षांत तेरा-चौदा वेळा होते. त्याचा निम्मा कोटा आमच्या गच्चीवर दुपारच्या जेवणाआधीच संपत आला होता.

"सहा वेळा गेला?" बाईंनी विचारलं.

"सहा. माझ्या डोळ्यांनी."

"मधोमध?"

"अगदी कुंकू लावल्यासारखा."

बाई कागदाकडं बघत राहिल्या. "माझ्या हिशेबानं तो मधे येतच नाही. उत्तरेकडच्या कडेकडेनं जातो. तुझ्या कॅमेऱ्यात काही कचरा वगैरे नाही ना?"

आता माणसाला काय बोलावं हे कळलं पाहिजे की नाही? शिंप्याला विचारा, तुझी सुई बोथट आहे का. आचाऱ्याला विचारा, तुझं मीठ आळणी आहे का. मी कापडाबाहेर डोकं काढलं.

"बाई, चोवीस वर्षं स्टुडिओ आहे माझा. माझ्या काचेवर माशीसुद्धा पाय पुसून बसते. कचरा असेल तर मी धंदा सोडीन."

"बरं, बरं. विचारलं फक्त."

"मी बघू का, रंगाभाऊ?" हमीद म्हणाला. माझं नाव श्रीरंग. गाव मला रंगाभाऊ म्हणतं. तो माझ्या शेजारी आडवा झाला आणि कापडात शिरला. बराच वेळ आतून नुसता श्वास ऐकू आला.

"मला दोन दिसत्यात," तो म्हणाला.

"दोन?" बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "दुसरा कुठं, हमीद?"

"कडंला. इवलासाय. सुईनं टोचल्यावानी."

"तुझ्या चष्म्यावर कणी असेल," मी म्हणालो आणि त्याला पायानं ढोसलं. हमीदनं चष्मा काढून लेंग्याला पुसला, परत आत बघितलं. मी परत ढोसलं.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता..." हमीदनं माझ्याकडं बघितलं. आम्ही चौथीपासून एका बाकावरचे. "आता नाय दिसत."

"पिसाळ, तू बघ. उत्तरेकडच्या कडेला."

"झोपल्यावर उत्तर कुठली, बाई?"

"पाण्याच्या टाकीकडची."

मी बघितलं. पाण्याच्या टाकीकडच्या कडेला एक टिकली होती. मला ती सकाळपासूनच दिसत होती, आणि ती काय आहे हे मला ठाऊक होतं. लेन्स उसनी, दोन्ही कन्व्हर्टर उसने. कुठल्या तरी काचेवर कुणाची तरी धूळ. ती हलत नव्हती, पळत नव्हती, सूर्य सरकला की त्याच्याबरोबर मुकाट सरकत होती. ग्रह असा असतो होय? ग्रह म्हटला की चालला पाहिजे. शिवाय कचरा असेल तर धंदा सोडीन, हे बोलून मला दोन मिनिटंही झाली नव्हती.

"काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

बाईंनी स्वतः बघायचा एकदा प्रयत्न केला. हमीदनं आणि मी धरून त्यांना चटईवर निजवलं, पांढरं पातळ, पांढरे केस, वर ती इस्त्री. त्यांनी खूप वेळ डोळा लावला. मग म्हणाल्या, "मला एक करडं नाणं दिसतं. त्यावर काही नाही." आणि उठून पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला आजही नीट आठवतं. कारण हसू यायला पाहिजे होतं आणि आलं नाही. त्यांनी पर्समधून खोडरबर काढला आणि आलेखावरची ती आखलेली वाट पुसायला लागल्या.

"काय करताय, बाई?"

"मुलांना काय सांगायचे मी? आधी बघा, मग लिहा. बघणारा म्हणतो मधून जातो, तर मधून जातो. माझी बेरीज कुठं तरी चुकली असेल. नजर गेली की आकडेही चुकतात." रबराची भुकटी त्यांनी फुंकरीनं उडवली. "चौतीस वर्षं काय काय चुकीचं शिकवलं असेल कुणास ठाऊक."

मी पुन्हा कापडात शिरलो. तिथं सोयीचं होतं.

चारपर्यंत छत्तीस फोटो झाले. बुध सूर्यावरून एकूण एकतीस वेळा गेला.

गुरुवारी सकाळी मी रोल धुतला. काळीपांढरी फिल्म मुद्दाम वापरली होती, घरच्या घरी धुता यावी म्हणून. ओल्या पट्ट्या दोरीवर टांगल्या आणि भिंग लावून बघायला लागलो. पहिलं चित्र हललेलं. दुसरं हललेलं. इस्त्री असूनही पस्तीस चित्रं हललेली. एकच, एक वाजून वीस मिनिटांचं, दाढीच्या पात्यासारखं स्वच्छ. सूर्याची कडा अशी की हात कापेल.

आणि मधे बुध नाही.

मी पट्टी उजेडाला धरली, उलटी धरली, पाणी पुसून धरली. एकतीस वेळा डोळ्यांदेखत गेलेला ग्रह फिल्मवर एकदाही उतरला नव्हता. आलं होतं काय, तर कडेवरची ती टिकली. जे मी बघितलं ते नाही, आणि जे बघितलंच नाही म्हणून सांगितलं ते हजर. मी खुर्चीवर बसलो. मला वाटलं, आपल्यालाही काचबिंदू झाला.

जेवण गेलं नाही. हमीद येऊन बघून गेला. "मी म्हणलो नव्हतो का, दोन," म्हणाला. "आता एकच हाय."

"जो पाहिजे तो नाही."

"मग काय करशील?"

मला जे येतं ते केलं. लग्नाच्या मुलींचे दाखवायचे फोटो काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं. नाकावरची पुटकुळी, गालावरचा नको असलेला तीळ, देवीचे वण. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं असे भरून काढायचो की सासरी गेल्यावरच कळावं. आधी वार्निशचा पातळ हात, मग पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा तीळ निगेटिव्हवर उजळ ठिपका होऊन येतो. त्यात शिसं भरलं की तीळ गेला. मी भिंगाखाली सूर्याच्या कडेवरचा तो ठिपका भरला. एवढं बारीक काम मी आधी कधी केलं नव्हतं. श्वास धरून तीन टोचे. सूर्य निखळ. मग वीतभर व्यासाचा सूर्य होईल असा मोठा प्रिंट काढला, आणि त्याच्या मधोमध, जिथं मी दिवसभर बघितला होता अगदी तिथं, ब्रशाच्या टोकानं काळ्या शाईचा बुध बसवला. गोल, टपोरा. स्वतःशी म्हणालो, यात खोटं काय आहे? मी बघितला होता. फिल्मनं बघितला नाही, ही फिल्मची चूक.

शुक्रवारी सकाळी तो घेऊन बाईंकडं गेलो. हमीद लूनावर मला सोडायला आला आणि चहा मिळेल म्हणून आतही आला. पुण्याला न्यायची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बाईंनी प्रिंट खिडकीशी नेला, मोठं भिंग घेतलं आणि नाक टेकवून बघितलं.

"दिसतोय," त्या म्हणाल्या.

मी चहाचा कप हातात घेतला.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून फूटपट्टी काढली.

"हमीद, तुझी नजर मापाची आहे. सूर्य किती भरतो?"

"पंधरा सेंटिमीटर, बाई."

"आणि हा?"

हमीदनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं. "चार मिलिमीटर. पक्के."

"एकच यायला पाहिजे होता. जेमतेम." बाईंनी भिंग खाली ठेवलं. "पिसाळ, एवढा बुध म्हणजे आपल्या पृथ्वीपेक्षा मोठा. कॅमेरा आणलायस?"

कॅमेरा माझ्या खांद्याला कायम असायचा. त्यांनी तो मागून घेतला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "ही नेहमीची लेन्सच राहू दे. त्या भिंतीकडं धर. काय दिसतं?"

भिंत पांढरी, नुकती चुना दिलेली. मी डोळा लावला.

बाईंच्या भिंतीवर बुध होता. मधोमध. काळा, टपोरा.

मी कॅमेरा छताकडं केला. छतावर बुध. खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडावर बुध. हमीदच्या दाढीत बुध.

"काय दिसतं?" बाईंनी पुन्हा विचारलं.

मी लेन्स काढली आणि कॅमेऱ्याच्या पोटात बघितलं. आत आरशाच्या वर एक दुधी काच असते, आपण डोळा लावून बघतो ते चित्र त्या काचेवर पडतं. काचेला काळ्या कापडाच्या अस्तराची एक गुठळी चिकटली होती, मोहरीएवढीही नाही. फिल्मच्या वाटेत ती येतच नाही; फक्त बघणाऱ्याच्या वाटेत येते. सूर्य आपला सरकत जाई आणि ही बया जागच्या जागी बसून त्याच्यावरून पळाल्यासारखी दिसे.

"हमीदच्या कापडाची गुठळी," मी म्हणालो.

"माझं कापड चांगलंय," हमीद म्हणाला. "धुऊन आण म्हणलं होतं मी."

बाईंनी त्याला हातानं गप्प केलं. "फिल्मवर ही आली नाही ना? मग हा ठिपका?"

"शाईचा, बाई."

"कारवारचा रुपया तरी तू बरा केला होतास," त्या म्हणाल्या. "कडेचे दाते नीट आले होते."

मी कॅमेरा खाली ठेवला. "तुम्हाला ठाऊक होतं? मग मला कशाला सांगितलंत हे काम?"

"ज्याला खोटं इतकं मन लावून करता येतं, त्याला एकदा खरं जमेल असं वाटलं." बाई खुर्चीवर बसल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आता नीट आठवून सांग. हमीदला बुधवारी कडेला काही तरी दिसलं होतं. तुला दिसलं होतं की नाही?"

माझा हात शर्टाच्या वरच्या बटणाशी गेला.

"दिसलं होतं."

"उत्तरेच्या कडेला?"

"टाकीकडच्या."

"हलत नव्हतं?"

"सूर्याला चिकटून होतं."

"आणि फिल्मवर?"

"आलं होतं."

बाई उठल्या. "आलं *होतं*?"

"मी भरून टाकलं, बाई. पेन्सिलनं. तीळ भरतो तसं."

हमीदनं चहाचा कप न वाजवता खाली ठेवला. मला वाटलं, आता बाई फूटपट्टी उचलतील. उचलली असती तर बरं झालं असतं.

"पुसता येतं का?" त्यांनी विचारलं.

"टर्पेंटाइननं निघतं. पण ठिपका सुईच्या टोकाएवढाय. जरा जोर झाला तर खालची फिल्म सोलून निघेल. मग काहीच राहणार नाही."

"दुसरं चित्र?"

"बाकी पस्तीस हललेली."

बाईंनी चपला घातल्या. "चल."

हमीदनं त्यांना लूनावर नेलं, मी मागून पळत. साठीतल्या बाईंना शिंप्यानं लूनावरून नेलं आणि मागून फोटोग्राफर धावत गेला, याच्या गावात पुढं बऱ्याच गोष्टी झाल्या. त्यातल्या निम्म्या मीच पसरवल्या. पण पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही.

डार्करूम म्हणजे मागची अंधारी मोरी. मी आगकाडीला कापूस गुंडाळला, इतका कमी की नुसती वाफ बसल्यासारखी. टर्पेंटाइनमध्ये बुडवला, टिपकागदावर झटकला. भिंगाखाली पट्टी ठेवली. चोवीस वर्षांत हजार नवऱ्या मुलींच्या तोंडावरून फिरलेला हा हात, कधी हलला नव्हता.

"हमीद, माझं मनगट धर."

हमीदनं धरलं, शिवताना कापड धरतो तसं, घट्ट पण ओढ न देता. मी कापूस टेकवला. उचलला. टेकवला. कापसाला शिशाची किंचित करडी छटा आली. आणखी एकदा टेकवला असता, पण बाई मागून म्हणाल्या, "पुरे." त्यांना तिथून काही दिसणं शक्य नव्हतं. मी थांबलो.

सोमवारी पुण्यात काय झालं ते मी तपशिलानं सांगू शकणार नाही. उजवा डोळा राहिला, डावा गेला, एवढं कळलं. तिथं मी नव्हतो, आणि जिथं मी नव्हतो तिथलं सांगायची सवय त्या शुक्रवारपासून बरीच कमी केली आहे.

त्या शुक्रवारी प्रिंट काढायचा तर कागद, रसायनं, वाळवणं. बाईंना तेवढा दम नव्हता आणि मलाही. मी एन्लार्जरचं, म्हणजे फिल्मवरचं चित्र मोठं करून पाडणाऱ्या यंत्राचं, डोकं आडवं फिरवलं, तोंड समोरच्या भिंतीकडं केलं, पट्टी आत सरकवली आणि दिवा लावला.

भिंतीवर पांढरा लख्ख चौकोन पडला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. आभाळ पांढरं आणि त्यात काळाभोर सूर्य, परातीएवढा. मी चक्र फिरवून कडा नीट केली. बाई पुढं गेल्या. एका हातानं भिंत चाचपत, त्या नळीतून बघत असल्यासारखं डोकं हळूहळू फिरवत त्यांनी काळ्या परातीची कड धरली आणि कडेकडेनं नजर नेली. मला दिसला होता. हमीदला दिसला होता.

बाईंचं बोट थांबलं.

काळ्या सूर्यात, कडेपासून जरा आत, तांदळाच्या कणीएवढा उजेडाचा ठिपका होता.

"केवढासा आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून तो आलेख काढला, भिंतीला लावला. पुसलेल्या रेघेचा पेन्सिलीनं पडलेला दाब कागदावर अजून होता. तिरप्या उजेडात तो उठून दिसला. एक वीसची खूण आणि ठिपका. मी अंतर मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती.

"बेरीज बरोबर होती," हमीद म्हणाला.

बाई बोट त्या ठिपक्याजवळ धरून उभ्या राहिल्या, सावली पडू नये एवढ्या अंतरावर. एक मिनिट झालं, दोन झाली. मोरीत टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. एन्लार्जरचा पत्रा तापून टिकटिकायला लागला, तसा मी बटणाकडं हात नेला.

"बाई, दिवा फार वेळ ठेवला की निगेटिव्ह तापतं."

"तापू दे," बाई भिंतीवरची नजर न काढता म्हणाल्या. "सूर्यच आहे तो."